अंगावरून गेलेले वारे

‘अंगावरून वारे जाणे’ हा वाक्प्रचार मी गेली कित्येक वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. अर्थ : अर्धांगवायू होणे. ‘वाक्यात उपयोग करा’ म्हटले, की कोणी आपल्या आजोबांना पुढे करतो, कोणी शेजारच्या काकूंना. मी तांबड्या शाईने बरोबरची खूण करतो आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. मराठीच्या अध्यापकाने वैद्यकाच्या प्रांतात लुडबूड करू नये, हे मला कळते. तरीही आज लेखणी उचलली आहे. कारण या तीन शब्दांवर आमच्या घराने एकदा विश्वास ठेवला आणि त्याची किंमत माझ्या थोरल्या भावाला मोजावी लागली.

त्या पहाटेची गोष्ट

२०१६ सालची नरकचतुर्दशी. तारीख २९ ऑक्टोबर. आम्ही सारी भावंडे दिवाळीला दादांच्या घरी जमलो होतो. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी वडील. तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवीत. पहाटे घरात एकच धांदल उडालेली. वहिनी तेलाची वाटी घेऊन उभ्या, मुले फटाक्यांसाठी उतावीळ, आई देवाशी निरांजन लावते आहे. दादा न्हाणीघरात गेले आणि तांब्या खाली पडल्याचा आवाज झाला. थोड्या वेळाने भिंतीला धरून ते बाहेर आले. काहीतरी म्हणाले, पण जीभ जड. मुले हसली. मीही हसलो. म्हटले, “दादा, अजून झोपेतच आहात वाटतं!”

ते माझे हसणे मला अजून ऐकू येते.

आई म्हणाली, “चार दिवस जागरणं झालीत त्याची. पित्त झालं असेल. पडू दे जरा.” आम्ही त्यांना निजवले. वहिनींनी लिंबाचे सरबत पाजले, तर त्यांना जोराचा ठसका लागला. उजाडल्यावर शेजारचे एक वृद्ध गृहस्थ फराळाला आले. त्यांनी दादांचा लोंबणारा उजवा हात पाहिला, ओठाचा ओघळलेला कोपरा पाहिला आणि म्हणाले, “अहो, यांच्या अंगावरून वारं गेलंय! पंखा बंद करा, खिडक्या लावा, पांघरूण घाला.” आम्ही खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. गरम तेलाने हात चोळत बसलो. कोणी कबुतराच्या रक्ताचा उपाय सुचवला. सणाचा दिवस, नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद, आणि वारे तर येऊन गेलेलेच होते. आता घाई कसली? अकरा वाजता मोटार मिळाली. जिल्ह्याच्या गावी इस्पितळात पोहोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : “यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलं? नक्की वेळ सांगा.” वहिनी म्हणाल्या पाच. मी म्हणालो साडेपाच. धाकटी बहीण म्हणाली, “दादा उठले तेव्हाच गप्प गप्प होते.” एवढी माणसे घरात, आणि कोणालाही वेळ सांगता येईना! डॉक्टरांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि काही न बोलता कागदावर लिहू लागले. त्यांचे ते गप्प राहणे मला पुढे महिनाभराने उमगले.

वारे नव्हे, रक्त

आपल्या पूर्वजांनी या रोगाला वायूचा रोग म्हटले, यात त्यांना हसण्यासारखे काही नाही. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात पक्षाघाताचे वर्णन आहे. आणि जो रोग न दिसता येतो, क्षणात माणसाला आडवा पाडतो, त्याला वाऱ्यावाचून दुसरी कोणती उपमा सुचावी? युरोपातही हा देवाचा किंवा दैवाचा तडाखा मानला जाई. इंग्रजीतल्या ‘स्ट्रोक’ शब्दाचा अर्थ तरी फटका असाच आहे. १६५८ साली योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्याने असे मृत्यू आलेल्यांचे मेंदू उघडून पाहिले आणि सांगितले, की हा रक्तवाहिन्यांचा मामला आहे. कुठे मेंदूत रक्त सांडलेले असते, तर कुठे मेंदूकडे जाणारी वाहिनीच बुजलेली असते.

साडेतीनशे वर्षे झाली तरी ही मूळ विभागणी कायम आहे. पहिला प्रकार गुठळीचा : वाहिनी तुंबते आणि तिच्या पुढचा मेंदू उपाशी पडतो. दुसरा रक्तस्रावाचा : वाहिनी फुटते. गुठळीचा प्रकार अधिक आढळतो. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के, पण प्राणवायूचा पाचवा हिस्सा तो एकटा खातो. आणि या खादाड धन्याने घरात शिधा मात्र मुळीच साठवलेला नसतो. रक्त थांबले, की मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. मोठी वाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सरासरी एकोणीस लाख पेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी मांडला.

पण याच हिशेबात आशेचीही जागा आहे. वाहिनी बुजल्याबरोबर सगळा भाग मरत नाही. मधला गाभा मरतो. त्याच्या भोवतालचा भाग आजूबाजूच्या वाहिन्यांतून मिळेल त्या तुटपुंज्या रक्तावर मूर्च्छित अवस्थेत तग धरून असतो. त्याला काही तासांत रक्त मिळाले तर तो जागा होतो, न मिळाले तर गाभ्याला जाऊन मिळतो. आम्ही खिडक्या लावून हात चोळत बसलो होतो, तेव्हा दादांच्या मेंदूतला हा मधला प्रदेश तासातासाने बुडत होता.

डॉक्टर ओळखतात ते कसे?

मला वाटे, मुरब्बी डॉक्टर नाडी पाहून सांगत असतील, की ही गुठळी आणि हा रक्तस्राव. तसे नाही. दोन्हींचा चेहरा एकच. तेच वाकडे तोंड, तोच लुळा हात. भयंकर डोकेदुखी, उलटी, झपाट्याने हरपणारी शुद्ध यांवरून रक्तस्रावाचा संशय येतो, पण संशयावर उपचार करता येत नाहीत. कारण एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष. गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्रावाच्या रोग्याला दिले, तर त्याचा जीव जाऊ शकतो.

हा गुंता सोडवला तो एका अभियंत्याने. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मोर्ली इस्पितळात एका रुग्णेच्या मेंदूचे पहिले सी.टी. चित्र घेतले. या कामासाठी १९७९ साली त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. सी.टी. स्कॅनमध्ये ताजे सांडलेले रक्त पांढरेशुभ्र दिसते. गंमत अशी, की गुठळीचा झटका पहिल्या काही तासांत या चित्रात बहुधा दिसतच नाही. म्हणून ‘स्कॅन साफ आहे’ हे ऐकून नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात, तेव्हा डॉक्टरांची खरी धावपळ सुरू होत असते : रक्त सांडलेले नाही, म्हणजे आता गुठळी फोडायला मोकळीक!

स्कॅनच्या आधी बोटाला टोचून रक्तातली साखर पाहतात. साखर फार उतरली, तरी माणूस बरळतो, क्वचित एक बाजूही लुळी पडते; आणि तो ग्लुकोज देताच उठून बसतो. अपस्माराच्या झटक्यानंतरही हात काही काळ निकामी होतो. नुसते तोंडच वाकडे झाले असेल, तर चेहऱ्याच्या मज्जातंतूचा वेगळा विकारही असू शकतो. त्यात बहुधा त्या बाजूच्या कपाळाला आठ्या घालता येत नाहीत, मेंदूच्या झटक्यात सहसा येतात. मग हात उचला, पाय उचला, नाव सांगा, ही वस्तू ओळखा, अशी तपासणी करून गुण देतात : शून्य ते बेचाळीस. या परीक्षेत शून्य मिळवणारा पहिला! परंतु ही सारी पारख डॉक्टरांची. घरातल्याने एवढेच मानावे, की हा झटकाच आहे.

औषध आहे, पण घड्याळाच्या काट्यावर

गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत डॉक्टरांच्या हाती शुश्रूषेपलीकडे फारसे काही नव्हते. १९९५ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने चित्र पालटले. झटक्यापासून तीन तासांच्या आत अल्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून दिले, तर तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेल्या रोग्यांचे प्रमाण निदान तीस टक्क्यांनी वाढते, असे दिसले. धोकाही उघड होता. औषध दिलेल्यांपैकी शंभरांत सहा जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. न दिलेल्यांत शंभरांत एकाहूनही कमी. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवता येते, हे सिद्ध झाले. आता त्याच जातीचे टेनेक्टेप्लेज हे औषधही वापरात आहे. त्याची एकच सुई पुरते, तासभर सलाईन चालवावे लागत नाही.

मोठी वाहिनी बुजली असेल, तर जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढतात. २०१५ साली एकापाठोपाठ एक पाच चाचण्यांनी हा उपाय पक्का केला. २०१८ साली तर कळले, की मेंदूचा मूर्च्छित भाग अजून शाबूत असल्याचे विशेष चित्रांत दिसले, तर निवडक रोग्यांत चोवीस तासांपर्यंतही याचा उपयोग होतो. मात्र अशी सोय सर्वत्र नाही. म्हणून कोणत्या इस्पितळात न्यावे, हेही आधीच ठाऊक असायला हवे.

डॉक्टरांच्या प्रश्नाचा अर्थ आता वाचकांच्या ध्यानात आला असेल. मुदत मोजायची ती रोग लक्षात आल्यापासून नव्हे, तर माणसाला शेवटचे धडधाकट पाहिल्यापासून. रात्री दहाला नीट झोपलेला माणूस पहाटे लुळा उठला, तर घड्याळ रात्री दहापासून चालू होते. अशांसाठीही एम.आर.आय.च्या आधारे काही वाट निघाली आहे, पण ती इस्पितळात पोहोचल्यावर. आम्ही पोहोचलो तेव्हा साडेचार तास केव्हाच उलटले होते आणि गुठळी ओढून काढण्याची सोय त्या गावात नव्हती.

तेथे एक गोष्ट पाहून मी चक्रावलो होतो. दादांचा रक्तदाब १९० च्या वर, आणि डॉक्टर तो उतरवायची घाई करीना! मला तो हलगर्जीपणा वाटला. पुढे समजले, की बुजलेल्या वाहिनीपलीकडे थोडेफार रक्त ढकलायला तो वाढलेला दाबच उपयोगी पडतो. विरघळवणारे औषध द्यायचे असेल तर दाब १८५/११० च्या खाली आणतात. द्यायचे नसेल तर पहिल्या दिवशी सहसा २२०/१२० पर्यंत चालवून घेतात. उलट रक्तस्राव असेल, तर तो वरचा आकडा १४० च्या आसपास लवकर आणावा लागतो. घरी जिभेखाली गोळी ठेवून दाब एकदम उतरवणे म्हणूनच घातक. ॲस्पिरिनचेही तेच : गुठळीच्या रोग्याला ते गुणकारी, पण स्कॅन झाल्यावर, डॉक्टरांच्या हातून.

आणि ते सरबत! झटक्यात गिळण्याचे स्नायूही दुबळे होतात. घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि न्यूमोनिया होतो. इस्पितळात गिळण्याची परीक्षा झाल्याशिवाय रोग्याला पाणीसुद्धा देत नाहीत. आपल्याकडे माणूस पडला, की पहिला तांब्या पाण्याचा! दादांना चौथ्या दिवशी ताप भरला. तो सरबताचाच होता, असे डॉक्टर म्हणाले नाहीत; पण वहिनींनी ते मनाला लावून घेतले, ते आजतागायत.

दोन बलाढ्यांची गोष्ट

उशीर काय खेड्यापाड्यांतच होतो? १ मार्च १९५३ रोजी मॉस्कोजवळच्या आपल्या निवासात स्टालिन दिवसभर खोलीबाहेर आला नाही. पहारेकऱ्यांची दार उघडायची छाती होईना. रात्री उशिरा आत जाऊन पाहतात, तो हा पोलादी पुरुष जमिनीवर पडलेला, उजवे अंग लुळे, वाचा गेलेली. सहकारी आले आणि ‘झोपू द्या’ म्हणून परतले. डॉक्टर आले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यांनी कानांमागे जळवा लावल्या. ५ मार्चला तो मेला. तेव्हा औषधच नव्हते हे खरे. तथापि ज्याच्या दराऱ्याने देश कापत होता, त्याच्याही उशाशी ‘झोपू द्या’ हेच शब्द उच्चारले गेले. आमच्या आईचे शब्द याहून निराळे नव्हते.

दुसरे रूझवेल्ट. मार्च १९४४ मध्ये तपासणीत त्यांचा रक्तदाब १८६/१०८ भरला. तो खाली आणणारे चांगले औषध त्या काळी नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे चित्रकर्तीसमोर बसले असता डोक्यात असह्य कळ आल्याचे सांगून ते कोसळले. दाब ३००/१९० होता. मेंदूतील रक्तस्रावाने त्याच दुपारी ते गेले.

अमेरिकेच्या अध्यक्षाला जे मिळाले नाही, ते आज आपल्या तालुक्याच्या औषधाच्या दुकानात मिळते. दादांनाही मिळत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांना गोळी सुरू केली होती. ‘बरं वाटतंय’ म्हणून त्यांनी ती सोडली. रक्तदाबात बरे वाटणे हा पुरावाच नव्हे, हे संस्कृतच्या शिक्षकाला कोणी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू आणि हृदयाचे अनियमित ठोके : बहुतेक झटक्यांच्या मुळाशी यांतले कोणीतरी असते. आणखी एक इशारा असतो. पाच-दहा मिनिटे हात लुळा पडतो, जीभ अडखळते आणि सारे पूर्ववत होते. ‘गेलं, सुटलो’ असे आपण म्हणतो. पुढच्या दोन दिवसांतच मोठ्या झटक्याचा धोका सर्वांत जास्त असतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

हरवलेले शब्द

दादा वाचले. पाय बराचसा सुधारला, हात थोडका. मात्र झटका मेंदूच्या डाव्या भागाला बसला होता आणि बहुतेकांची भाषा तेथेच वास करते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी दाखवलेला रोगी ‘तां’ या एका अक्षरापलीकडे बोलू शकत नसे. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूचा डावा पुढचा भाग बिघडलेला आढळला. भाषाविज्ञान शिकवताना ही हकीकत मी चवीने सांगत असे. आता तोच धडा घरी खाटेवर बसला होता. दादांना सगळे समजे. पाणी हवे असे. पण ‘पाणी’ हा शब्द सापडेना. “हे... हे...” एवढेच. डोळे भरून येत.

एका संध्याकाळी आईने दिवा लावून रामरक्षा सुरू केली आणि मागून दादांचा आवाज आला. जड, पण स्पष्ट! एकामागून एक श्लोक. आम्ही सारे थिजलो. चमत्कार झाला असे आईला वाटले. डॉक्टरांनी समजावले, की पाठांतर, गाणे, अंक मोजणे, एवढेच काय शिव्यासुद्धा अशा रोग्यात पुष्कळदा शाबूत राहतात. आपला शब्द आपण शोधून काढणे मात्र जाते. रामरक्षा म्हणून झाली, की दादा पुन्हा “हे... हे...” वर येत. रोज तासभर वाचोपचार, डाव्या हाताने पाटीवर अक्षरे. पहिले काही महिने सुधारणा वेगाने होते, पुढे मंद, पण ती थांबत नाही. मधले चार महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. झटक्यानंतर सुमारे तिघांपैकी एकाला असे नैराश्य गाठते आणि त्यालाही औषध आहे, हे आम्हाला उशिराच कळले. आम्ही त्याला आळस म्हणत होतो.

आपण वेळेवर नेले असते, तर दादा नक्की बरे झाले असते का? कोणीही प्रामाणिक डॉक्टर तशी हमी देणार नाही. पण त्यांना संधी मिळाली असती. ती आम्ही खिडक्या लावून घालवली.

एवढे करावे

२९ ऑक्टोबर हा जगभर पक्षाघात जागृतीचा दिवस म्हणून पाळतात, हे मला मागाहून समजले. दिवाळी बहुधा त्याच्या आगेमागेच असते. घर माणसांनी भरलेले असते. म्हणून अंक हातावेगळा करण्यापूर्वी एवढे मनात ठेवावे. तोंड वाकडे झाले का, हसायला सांगून पाहावे. दोन्ही हात पुढे धरायला सांगावे. एक खाली येतो का? एखादे साधे वाक्य बोलायला सांगावे. बोबडी वळते का? अचानक तोल जाणे, दिसेनासे होणे, हीही लक्षणे आहेतच. यांतले एक जरी दिसले, तरी घड्याळ पाहावे आणि वेळ कागदावर लिहावी. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, ती बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने सी.टी. स्कॅनची सोय असलेले इस्पितळ गाठावे. तोंडात पाणी नाही, गोळी नाही, चोळणे नाही. रोग्याच्या चालू औषधांची पुडकी बरोबर घ्यावीत, विशेषतः रक्त पातळ करणारी. सणवार, मुहूर्त, उद्या सकाळ : काही पाहू नये.

दादांकडे आजही नरकचतुर्दशीला पहाटे सारे उठतात. आई आता नाही. वहिनी डाव्या हातापासून तेल लावायला घेतात, कारण उजव्याला वेळ लागतो. न्हाणीघराबाहेर भिंतीवर त्यांनी एक मोठे घड्याळ लावले आहे. गेल्या वर्षी आंघोळ करून बाहेर येताना दादा त्याच्याकडे पाहून थांबले, शब्द शोधत राहिले आणि म्हणाले, “पाच... वीस.” बरोबर होते.

‘अंगावरून वारे जाणे’ मी अजूनही शिकवतो. अर्थ सांगतो, आणि पुढे एक सूचना जोडतो : वाक्यात उपयोग करताना किती वाजता, ते लिहायला विसरू नये.